घरचा संगणक : चित्रफीत मध्येच बंद पडते तेव्हा

सांगलीतील एका हळद-व्यापारी कुटुंबात पाडव्याला सारी मंडळी जमली होती. दुपारची जेवणे आटोपल्यावर धाकट्या नातीने आत्याच्या लग्नाची चित्रफीत पाहण्याचा हट्ट धरला. लग्न २००३ सालचे. स्टुडिओने त्या वेळी कॅसेटवरून तीन व्हीसीडी करून दिल्या होत्या आणि त्यांतील चित्रण पुढे कोणीतरी संगणकात उतरवून ठेवले होते. पहिल्या चकतीच्या सतराव्या मिनिटानंतर आजी मांडवाच्या दारात उभी राहून येणाऱ्या एकेका पाहुणीला नावाने हाक मारते. आजीला जाऊन नऊ वर्षे झाली. भिंतीवर तिचे छायाचित्र आहे, कपाटात तिची शाल आहे. आवाज मात्र तेवढाच.

सतरावे मिनिट आले, चित्र गोठले आणि क्षणभराने व्हीएलसी प्लेअरची खिडकीच नाहीशी झाली. पुन्हा लावले, पुन्हा तेथेच तोच प्रकार. मग नातवाने आदल्या रात्री मोबाईलवर घेतलेली रोषणाईची चित्रफीत लावून पाहिली, तर तीही चार-पाच सेकंदांत बंद. "अण्णा, नेटवर कोडेक पॅक फुकट मिळतो. तो टाकू या, दोन मिनिटांत होईल," असे म्हणत त्याने शोध सुरूही केला. अण्णांनी चाळीस वर्षे रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहिली. ते म्हणाले, "थांब जरा. तेरजेत फरक आला म्हणून आपण लगेच नवी वही आणतो का? आधी फरक कुठे आहे ते बघू."

तो संगणक नावापुरता घरचा होता. पेढीची टॅली त्यातच, जीएसटीची विवरणे त्यातच आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमेही त्यातच. व्यापारी घरांत हे चित्र सर्रास दिसते. म्हणूनच करमणुकीच्या वाटेने आलेला उपद्रव थेट हिशेबापर्यंत पोहोचतो.

कोडेक पॅकचा मोह का टाळावा, हे नीट समजून घेतले पाहिजे. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही नावे केवळ डब्याची आहेत. डब्यात चित्र आणि ध्वनी कोणत्या रीतीने दाबून भरले आहेत आणि ते पुन्हा कसे उलगडायचे, हे ठरवणारी पद्धत म्हणजे कोडेक. विंडोजच्या जुन्या मीडिया प्लेअरला काही कोडेक बाहेरून पुरवावे लागत, त्या काळात अशा गाठोड्यांची सवय लोकांना लागली. व्हीएलसी मात्र बहुतेक सर्व कोडेक स्वतःबरोबर घेऊनच येतो. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पातून तो जन्मला, २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला, आणि आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो सांभाळते. तो विनामूल्य आहे. तेव्हा त्याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर ती पेढी दुसरीच समजावी. २०२२ मध्ये काही महिने त्याचे अधिकृत संकेतस्थळ भारतात उघडत नव्हते, नोव्हेंबरात ते पुन्हा खुले झाले. अशा वेळी लोक मिळेल तेथून प्रत उतरवून घेतात आणि भलत्या ठिकाणच्या प्रतीबरोबर काय घरात शिरेल याचा नेम नसतो. हिशेबाच्या साऱ्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारे प्रोग्राम याच चोरवाटेने येतात.

अण्णांनी नातवाला पहिला प्रश्न विचारला तो असा : बंद पडते ते एकाच चित्रफितीला की सगळ्यांना? आणि दरवेळी त्याच जागी की कुठेही? या दोन प्रश्नांत अर्धे निदान सामावलेले असते. एकच फाइल, आणि तीही नेमकी त्याच जागी अडत असेल, तर दोष फायलीचा किंवा ती जेथे ठेवली आहे त्या जागेचा. सगळ्याच चित्रफिती बंद पडत असतील, पण गाणी सुरळीत वाजत असतील, तर संशय चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेवर. गाणीही वाजत नसतील तर प्लेअरच बिघडला असे धरून त्याच्या मांडणी मूळपदावर आणाव्यात, किंवा तो काढून अधिकृत ठिकाणाहून नव्याने बसवावा. येथे भजने आणि जुनी गाणी उत्तम वाजत होती. मोबाईलच्या साऱ्या चित्रफिती बंद पडत होत्या, कधी चौथ्या सेकंदाला, कधी नवव्या. लग्नाची मात्र सतराव्या मिनिटालाच.

तेरजेतील फरक एका चुकीचा असेल असे सर्वजण गृहीत धरतात, आणि पुष्कळदा तो दोन चुकांची बेरीज निघतो. येथेही तसेच होते.

विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये संगणक स्वतःची रोजकीर्द लिहीत असतो. बहुसंख्य लोकांनी ती कधी उघडलेलीही नसते. 'विंडोज लॉग्ज'मधील 'ॲप्लिकेशन' या खात्यात प्रोग्राम कोसळल्याची नोंद १००० या क्रमांकाने होते आणि तिच्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एका फायलीचे नाव असते. मोबाईलच्या चित्रफितींबाबत ते नाव प्लेअरच्या कोणत्याही भागाचे नसून ग्राफिक्स ड्रायव्हरचे निघाले. अलीकडचे मोबाईल एचईव्हीसी या पद्धतीने चित्रण करतात. त्यात जागा कमी लागते, पण चित्र उलगडण्याचे श्रम वाढतात. ते श्रम वाचावेत म्हणून प्लेअर ते काम ग्राफिक्स चिपकडे सोपवतो आणि जुना किंवा बिघडलेला ड्रायव्हर त्या भाराखाली कोसळतो. जाताना प्लेअरलाही घेऊन जातो. उपाय साधा आहे. व्हीएलसीच्या 'टूल्स'मधून 'प्रेफरन्सेस', तेथे 'इनपुट/कोडेक्स', आणि 'हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंग'समोर 'डिसेबल'. 'सेव्ह' करून प्लेअर एकदा बंद करून पुन्हा उघडावा. नातवाने तसे केले आणि रोषणाई शेवटपर्यंत दिसली, थोडी अडखळत. सवडीने ग्राफिक्स चिपच्या कंपनीकडून नवा ड्रायव्हर घ्यावा, म्हणजे ते अडखळणेही जाते.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. लग्नाची चित्रफीत लावली. सतराव्या मिनिटाला पुन्हा सारे गोठले.

आता दोष एकटा उरला होता. अण्णांनी सुचवले, की प्लेअरला बाजूला ठेवून ती फाइल नुसती पेन ड्राइव्हवर उतरवून बघावी. हिरवी पट्टी अर्ध्याच्या आत थांबली, पुढे सरकेना, आणि फाइल वाचता येत नाही असा संदेश आला. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टीम' खात्यात 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाच्या नोंदींची रांग होती : हार्ड डिस्कवर खराब भाग आढळला. पहिली नोंद तीन आठवड्यांपूर्वीची. प्लेअर निर्दोष होता. ज्या तबकडीवर आजीचा आवाज होता ती तबकडीच झिजत चालली होती, आणि त्याच तबकडीवर पेढीची सात वर्षांची टॅली होती. जीएसटीचे हिशेब आणि कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवण्याचे बंधन आहे. मुलाला ते आठवले आणि त्याचा चेहरा उतरला.

अशा प्रसंगी घाईने केलेली दुरुस्ती सर्वांत घातक. विंडोजची 'चेकडिस्क' ही तपासणी खराब भाग शोधण्यासाठी संपूर्ण डिस्क वाचून काढते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हा ताण कधी कधी अखेरचा ठरतो. आधी प्रत, मग दुरुस्ती, हा क्रम सोडू नये. प्रत घेतानाही लहान आणि अमूल्य ते प्रथम. अण्णांच्या सांगण्यावरून मुलाने टॅलीचे डेटा फोल्डर, मग विवरणांच्या पीडीएफ फायली, मग छायाचित्रे, या क्रमाने सारे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवले. रात्रीचे साडेनऊ वाजले. टॅलीची प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिली, शिल्लक जुळली. न उघडता ठेवलेल्या प्रतीला प्रत म्हणू नये. हे पुष्कळांना अनुभवानंतरच पटते.

लग्नाची फाइल मात्र हाती लागली नाही.

तेव्हा आत्याला आठवले की मूळ व्हीसीडींचा संच स्टुडिओने दोन्हींकडे दिला होता. तिचा पुण्याला, माळ्यावरच्या पेटीत असेल. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाने तो शोधून फोनवरून छायाचित्र पाठवले. पहिल्या चकतीच्या चकाकत्या बाजूवर बारीक चरे होते. अण्णा हिरमुसले. परंतु सीडीच्या बाबतीत लोकांचा समज उलटा असतो. माहितीचा थर असतो तो वरच्या, छापील बाजूच्या अगदी लगत. खालच्या पारदर्शक बाजूवरील चरे पुष्कळदा निभावून जातात. वरच्या बाजूला बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव मात्र चकती कायमची खराब करू शकते. त्या चकतीवर सुदैवाने काहीच लिहिलेले नव्हते. भाच्याने मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत ती पुसली; गोल गोल पुसल्यास चरा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि वाचणे कठीण होते. शेजाऱ्यांच्या जुन्या संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह होता. त्यातून चित्रण उतरवताना एकदा गती मंदावली, पण काम पूर्ण झाले.

भाऊबीजेला आत्या माहेरी आली तेव्हा पेन ड्राइव्ह तिच्या पर्समध्ये होता. या खेपेस चित्रफीत लॅपटॉपवर लावली. सतरावे मिनिट सरले. आजी मांडवाच्या दारात आली, पदर सावरला आणि कोल्हापूरच्या मावशींना ठसक्यात हाक मारून म्हणाली, की एवढा उशीर केलात, अक्षता काय उद्या टाकायच्या? धाकटी नात तिच्या जन्माआधीचा तो आवाज ऐकून म्हणाली, "ही तर आत्यासारखीच बोलते." अण्णांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.