काळ्या रानातली झाडं: दिवाळीच्या आत एक फेरी मारा

मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, जिथे जिथे काळी माती आहे तिथे यंदा झाड लावलेल्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. पाऊस परतला आहे. येत्या दोन-तीन आठवड्यांत झाडापाशी गेला नाहीत, तर मार्चमध्ये टँकर नेऊनही फार काही हाती लागणार नाही.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. कोवळ्या झाडाची मुळं अजून खड्ड्यापुरतीच आहेत. भेग पुष्कळदा खड्ड्याच्या कडेनेच पडते. तिथे बारीक मुळं तुटतात, गरम हवा आत शिरते आणि तुम्ही ओतलेली कळशी भेगेतून थेट खाली जाते. वरून पाणी दिल्याचं समाधान, खाली मुळं कोरडी! ज्वारीवाला शेतकरी कोळपं फिरवून भेगा बुजवतो ते उगीच नाही.

म्हणून आधी पाणी नको, खुरपं घ्या. झाडाभोवती दोन-अडीच फुटांपर्यंत माती हलक्या हाताने मोकळी करा आणि भेगा बारीक मातीने भरा. मग आळं करा, पण पाणी खोडाशी साचू देऊ नका. खोडाजवळ किंचित उंच, बाहेर उतार. एकदा सावकाश, भरपूर पाणी द्या. त्यावर सोयाबीनचं काड, उसाचं पाचट, वाळका पाला, जे मिळेल त्याचा चार बोटं जाड थर घाला. तो खोडाला चिकटवू नका आणि पेटवणाऱ्या उद्योगी लोकांपासून जपा.

इथून पुढे रोज तांब्याभर पाणी घालण्याची दया नको. त्याने वरचाच थर ओला राहतो. वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबा. चिकट गोळा झाला तर पाणी थांबवा, भुगा झाला तर द्या. झाडाला वाफसा हवा, म्हणजे ओलही आणि हवाही. पानं पिवळी पडली की घाबरून बादली उचलू नका, जास्त पाण्यानेही ती तशीच पिवळी पडतात. चिकण मातीतला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो, पाणी झिरपत नाही आणि मुळं गुदमरून कुजतात. कुठे अजून पाणी उभं असेल तर आजच चर काढून वाट द्या.

जाता जाता आणखी दोन गोष्टी पाहा. खड्ड्यातली माती बसून खोडाचा बुंधा खाली गेला असेल, तर खोडावर आलेली माती बाजूला करा. आणि काठीला बांधलेली नायलॉनची दोरी खोडात रुतत असेल तर कापून सुतळी सैल बांधा.

वनमहोत्सव १९५० पासून साजरा होतो, लावलेल्या झाडांचे आकडे दरवर्षी मोठे असतात. ग्रामपंचायतींनी, शाळांनी, गणेश मंडळांनी या आठवड्यात जगलेली झाडं मोजावीत. मेलेलं झाड उपटून मुळंही बघा. काळी, कुबट वासाची निघाली तर ती पाण्याने कुजली. त्या जागी पुढच्या जूनला खोल खड्डा नको. खड्ड्यात वाळू किंवा नुसतं शेणखतही नको, पाणी तिथेच येऊन साचून बसतं. फूटभर उंच, रुंद मातीचा उंचवटा करा आणि त्यावर करंज, जांभूळ किंवा अर्जुन लावा, पिशवी पूर्ण काढून.