हमी त्यांची, हमाली आपली

सीमाभागात पाट्यांवरच्या अक्षरांसाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. त्या लढ्याविषयी मला आदरच आहे. पण हजारो रुपयांची वस्तू घरी आणताना तिच्यासोबत मिळणाऱ्या कागदावरची अक्षरे आपण वाचत नाही, आणि त्या अक्षरांनी आपल्याला उघडउघड नाडले तरी 'जाऊ दे' म्हणून गप्प बसतो. तो कागद म्हणजे वॉरंटी कार्ड. माझे म्हणणे सरळ आहे : हे कार्ड म्हणजे कंपनीचा उपकार नव्हे, आणि ग्राहकाच्या हक्कांची शेवटची हद्दही नव्हे. कंपन्या ते तसे भासवतात आणि आपण निमूटपणे मानतो, एवढेच.

उदाहरण कपडे वाळवण्याच्या यंत्राचे घेतो. बेळगाव-खानापूर-चंदगडचा पाऊस ज्यांनी सोसला आहे, त्यांना हे यंत्र चैनीचे वाटणार नाही. आषाढ-श्रावणात पडवीत दोऱ्या, माजघरात दोऱ्या, पंख्याखाली मुलांचे गणवेश, आणि तरीही साऱ्या घराला कुबट वास! म्हणून अलीकडे काही घरांत टंबल ड्रायर आला. अर्धस्वयंचलित धुलाईयंत्राच्या दुसऱ्या टाकीलाही आपण ड्रायर म्हणतो, पण ती कपडे नुसते पिळते. हा गरम हवेने वाळवतो.

याच्या पोटात फार गूढ काही नाही. मोटर पट्ट्याने ड्रम फिरवते, पंखा हवा ओढतो, हीटर ती तापवतो, थर्मोस्टॅट उष्णता आवरतो. उष्णता हाताबाहेर गेलीच तर थर्मल फ्यूज जळतो आणि यंत्र आगीपासून वाचते. तो एकदाच जळतो, पुन्हा जुळत नाही. उष्णता वाढते ती बहुधा हवेची वाट अडल्यामुळे; म्हणजे कपड्यांच्या तंतूंनी जाळी चोंदते किंवा हवा बाहेर नेणारी नळी दुमडते. ती वाट मोकळी न करता नुसता फ्यूज बदलला, तर नवाही जळणार. एवढे ज्ञान कंपनीच्या माणसाकडे असतेच. प्रश्न ज्ञानाचा नाही, दानतीचा आहे.

माझे यंत्र कोल्हापुरात पक्क्या पावतीवर घेतलेले, दोन वर्षांच्या हमीचे. चौदाव्या महिन्यात ड्रम फिरे, पण कपडे गार आणि ओलेच निघत. कंपनीचे नाव लिहीत नाही; नाव बदलले तरी कथा तीच राहते. बेळगावच्या सेवा केंद्राने सांगितले, "ही महाराष्ट्र रीजनची विक्री, तिकडे तक्रार नोंदवा." कोल्हापूरने सांगितले, "पत्ता कर्नाटकातला, ते रीजन आमचे नाही." महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेला सीमाप्रश्न अजून सुटायचा आहे, तो माझ्या न्हाणीघरापर्यंत येऊन पोचेल असे मात्र वाटले नव्हते! जाहिरात करताना यांना अखंड भारत दिसतो, दुरुस्तीची वेळ आली की भाषावार प्रांतरचना आठवते.

तीन आठवड्यांनी एक तंत्रज्ञ आला. मागचे झाकण न उघडताच त्याने निदान केले : तंतू अडकले आहेत, म्हणजे निगा नीट नाही, शिवाय विजेचा दाब कमीजास्त झाला असणार, दोन्ही गोष्टी हमीत बसत नाहीत. सबब संपूर्ण हीटरचा संच नवा घ्यावा, आणि बाहेरच्या माणसाने एक पेच जरी काढला तरी उरलेली हमी संपली. शेवटी शहापूरच्या एका कारागिराने प्लग काढून, झाकण उघडून, मल्टिमीटर लावला. फ्यूज जळला होता. तंतू साचले होते ते पंख्याच्या कोठीत, जिथे पेच काढल्याशिवाय कोणाचा हात पोचत नाही. दर खेपेला जाळी साफ करणाऱ्या गृहिणीने तिथे निगा राखायची कशी? झाकण उघडले तर हमी जाते, न उघडले तर निगा राखली नाही म्हणून जाते. याला इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात.

आता कार्डाकडे वळू. रबर, प्लॅस्टिक, काच वगळले. उंदराने कुरतडलेले वगळले. विजेच्या चढउताराचे वगळले. शहराच्या हद्दीबाहेर प्रवासखर्च वेगळा. ठळक अक्षरांत दोन वर्षे द्यायची आणि बारीक अक्षरांत ती परत घ्यायची, अशी ही रचना. आपण तिला सरसकट 'ग्यारंटी' म्हणतो. १८७२ च्या करार कायद्यात ग्यारंटी म्हणजे दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहणे; तिचा ड्रायरशी काही संबंध नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी ही दुय्यम अट आहे : ती मोडली तर भरपाई मिळते. मुख्य अट मोडली तर मालच नाकारता येतो. आणि त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, ही अट सामान्यतः कायदाच गृहीत धरतो. ती कार्डावर छापावी लागत नाही.

याहून मोठी गोष्ट आपल्या भागासाठी आहे. १९८६ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार करायची ती विरुद्ध पक्षाचे ठाणे असेल तिथे किंवा तक्रारीचे कारण घडले तिथे. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाचे दारही उघडले. कोल्हापुरात खरेदी करणाऱ्या निपाणीकराला बेळगावात तक्रार करता येते. बेळगावच्या बाजारावर जगणाऱ्या चंदगडकराला कोल्हापुरात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. 'रीजन'ची पळवाट कंपनीच्या वहीत असेल, कायद्यात नाही.

कोणी म्हणेल, बाहेरच्या कारागिराने बिघडवले तर कंपनीने का भरावे? रास्त आहे. त्याचे उत्तरही आपल्याच देशात दिले गेले आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना दंड केला. दंडावर पुढे अपिले झाली, पण आयोगाने तेव्हा मांडलेले तत्त्व चोख होते : बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, चुकीच्या दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. जे मोटारीला, ते ड्रायरला का नको? केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, संकेतस्थळही काढले. पण हक्क संकेतस्थळावर राहून कारागिराचे पोट भरत नाही. पेच काढण्याची भीती घालून कंपन्या शहापूर-खडेबाजारातल्या दोन पिढ्यांच्या कसबाला बेकायदा ठरवू पाहतात, आणि आपण त्याच कारागिराला 'लोकल' म्हणून नाक मुरडतो.

भाषेचेही बोलू. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावरचा सक्तीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की भागते. मराठी-कन्नड कंपनीच्या मर्जीवर. कार्डाचीही तीच कथा. इथे माझे आणि माझ्या कन्नड शेजाऱ्याचे भांडण नाही. तोही माझ्याइतकाच नाडला जातो, आणि त्याच बारीक अक्षरांनी. एकमेकांच्या पाट्या मोजण्यातून सवड काढून दोघांनी मिळून 'हमीपत्र आम्हांला समजेल अशा भाषेत द्या' म्हणून दुकानदाराला विचारले, तर कोणत्याही संघटनेचे त्यात नुकसान नाही.

शेवटी आपले दोष. कर वाचवायला आपण कच्ची पावती घेतो आणि पुढे पुराव्यावाचून बसतो. तक्रार तोंडी करतो, नोंदीचा क्रमांक मागत नाही. तंत्रज्ञाने काय बदलले, काय नाकारले, हे त्याच्या सहीने लिहून घेत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीत आणि कन्नडमध्येही बोलतो, तो फिरवायचा कंटाळा करतो. वाचकहो, कंपनीची खरी हमी तिच्या यंत्रावर नाही, आपल्या या कंटाळ्यावर उभी आहे. तो आपण सोडला, तर ती दोन वर्षेही टिकणार नाही.