कुपवाडला फोटो काढण्यासारखं काय आहे?

मागच्या महिन्यात ऑफिसात एचआरचा मेल आला. फोटो कॉम्पिटिशन! विषय ‘माझं गाव’. एकच फोटो पाठवायचा, पहिला आला तर गिफ्ट व्हाउचर. झालं, टी-ब्रेकला नुसता कल्ला! कोकणातल्यांनी समुद्र काढले, साताऱ्याच्या पोरानं कासचं पठार काढलं, नाशिकवालीनं गोदाघाट. शेजारच्या डेस्कवरून प्रश्न आला, ‘‘तुझं गाव कुठलं गं?’’

‘‘कुपवाड.’’

‘‘तिथं काय आहे?’’

‘‘एमआयडीसी.’’

विषय संपला!

राग यायला हवा होता, पण कुठल्या तोंडानं रागावणार? गॅलरी उघडली तर साधारण अकरा हजार फोटो. त्यात लडाखचे चारशे, गोकर्णचे दीडशे आणि कॉफीच्या कपांचे किती, ते विचारू नका. कुपवाडचे? दिवाळीत सोफ्यावर बसलेले आम्ही सगळे, नाहीतर केक कापणारा भाचा. घराच्या उंबऱ्याबाहेरचा एकही नाही. तुम्हीही आत्ता तुमची गॅलरी उघडून बघा. पैजेवर सांगते, फार वेगळं निघणार नाही.

आमच्याकडे पाहुणे आले की फोटोसाठी त्यांना सांगलीला नेतात. कृष्णाकाठचं गणपती मंदिर, 1929 चा आयर्विन पूल. पाहुणा जरा हौशी असेल तर मिरजेची सतारमेकर गल्ली. तिथं टांगलेले भोपळे म्हणजे तयार फ्रेमच. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून तर कॅमेरे जास्तच वळलेत. 1998 मध्ये तिन्ही गावांची मिळून एक महापालिका झाली आणि सांगली-मिरजेच्या मागं कुपवाडचं नाव लागलं. पण ते पाटीपुरतंच. कुपवाडला माणसं कामाला येतात, फोटोला नाही.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. ‘‘तीस तारखेला पप्पा रिटायर होतायत. यायला जमतंय का बघ.’’

पप्पा फाउंड्रीत मोल्डिंगला. एकतीस वर्षं. सकाळी साडेसहाला सायकल काढायची, हँडलला डबा अडकवायचा आणि निघायचं. हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल! आणि फोटो? शून्य. आणखी आठ दिवसांनी ते दृश्यच दिसणार नव्हतं. शुक्रवारची रजा टाकली आणि गुरुवारी रात्रीच ट्रॅव्हल्स पकडली.

पहिला प्रयत्न जाम फ्लॉप गेला. पप्पांना म्हटलं, सायकलजवळ उभे राहा. ते उभे राहिले, अगदी पासपोर्टच्या फोटोसारखे. हात सरळ, मान ताठ, चेहऱ्यावर टेन्शन. मागं आमची पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे आणि अर्धा दिसणारा गॅस सिलिंडर. बिचाऱ्या पप्पांचा दोष नव्हता. मी माणसाकडं बघत होते, माणसाच्या मागं काय आहे ते बघितलंच नव्हतं.

म्हणून पहिला फंडा लिहून घ्या: आधी मागची जागा शोधा, माणूस आपोआप येतो. कंपनीच्या रस्त्याला एक लांबलचक कंपाउंड वॉल आहे. रंग उडालेली, काही विशेष नाही. पण सकाळी पावणेसातचं ऊन तिरपं येतं, त्यामुळं रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची सावली त्या भिंतीवर पडते, माणसापेक्षा लांब! मी समोर जाऊन उभी राहिले आणि फक्त थांबले. शिफ्टची वेळ, त्यामुळं गर्दी होतीच. एक सायकल गेली, मग दोघं चालत गेले, मग एक बाई डोक्यावर पाटी घेऊन. दहा मिनिटांत भिंतीचा सिनेमा झाला. साडेआठला परत आले तर भिंत पुन्हा साधी भिंत. सूर्य वर चढला होता, खेळ खलास.

चहाच्या गाड्यावर दुसरा फंडा मिळाला. समोरून काढला तर चहाचा ग्लास म्हणजे नुसता चहाचा ग्लास. पण मी गाड्याच्या पलीकडं गेले, ऊन ग्लासच्या मागून आलं आणि चहा एकदम मधासारखा पेटला. वाफसुद्धा दिसायला लागली. फोनच्या स्क्रीनवर ग्लासवर बोट टेकवलं, बाजूला येणारा तो छोटा सूर्य खाली ओढला, तशी मागची गर्दी अंधारात गेली. गाडेवाले काका माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘कशाचा फोटो काढायलीयस? ग्लासचा? धुतलेला तरी घे की!’’

रस्त्यात एका खड्ड्यात पाणी साचलेलं. फोन उलटा धरला, लेन्स पाण्याच्या अगदी जवळ नेली. उभं राहून बघताना तिथं फक्त चिखल दिसत होता, खालून बघितलं तर कारखान्याचं आख्खं धुराडं आणि आकाश! फाउंड्रीतून बाहेर टाकलेल्या काळ्या वाळूचा ढीग होता, त्याच्यावर कुणीतरी निळा रेक्झिनचा हातमोजा टाकला होता. काळं आणि निळं, बस्स. दुसरं काहीच फ्रेममध्ये येऊ दिलं नाही. झूम केला नाही, दोन पावलं पुढं गेले. फोनचा झूम चित्र मोठं करतो आणि त्याचा भुगाही करतो, पावलं तसं करत नाहीत.

गेटच्या आत फोटोला मनाई, तशी पाटीच आहे. त्यामुळं बाहेरच्या सायकल स्टँडपाशी थांबले. तिथं मला दिवसाचा बेस्ट फोटो मिळाला, असं मला वाटलं. सायकलींची हँडलं ओळीनं, आणि त्यांना अडकवलेल्या रिकाम्या पिशव्या. लाल, पिवळी, एक कापड दुकानाची, एक खताच्या पोत्यापासून शिवलेली. रेषा, रंग, पुन्हा पुन्हा येणारा आकार. एकदम हटके! संध्याकाळी मोठ्या ऐटीत पप्पांच्या हातात फोन दिला.

पप्पांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बोट ठेवत बोलायला लागले. ‘‘ही लाल पिशवी भट्टीवरच्या माणसाची. ही त्याच्या मेव्हण्याची, दोघं एकाच ताटात जेवतात. हा खताच्या पोत्याचा भारी आहे, बायकोनं शिवलीय. आणि ही शेवटची सायकल... ही दोन महिन्यांपासून हललेली नाही. तो आजारी आहे. आम्ही रोज हवा तेवढी मारून ठेवतो.’’

मी गप्प. मी रेषा काढल्या होत्या, पप्पांनी माणसं वाचली. शेवटची सायकल तर मी फ्रेममध्ये निम्मी कापली होती, रंग मॅच होत नाही म्हणून!

त्या रात्री मला एक गोष्ट नीट कळली. लडाख आपल्याला दुसरा चान्स देत नाही. ढग आले, संपलं, परतीचं विमान उद्याचं. कुपवाड रोज सकाळी पावणेसातला तोच चान्स परत देतं. आणि तिथं विचारायला माणूस असतो: ही पिशवी कुणाची, ही सायकल इथं का? आपल्या गावाचा हा केवढा मोठा फायदा, आणि आपण तो वापरतच नाही.

मोठ्या लोकांनी मात्र वापरलाय. प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. 1940 ते 1954 अशी चौदा वर्षं तो आपल्याच स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, बाहेरचं वाकडं झाड. तीच खिडकी, दर वेळी वेगळी. आपल्याकडं सुधारक ओलवे. ज्यांच्याकडं बघून मुंबई नाक मुरडते, त्या महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम त्यांनी त्यांच्यात जाऊन टिपलं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विषय लांब नव्हता, आपल्याच रस्त्यावर होता.

शनिवारी परत स्टँडवर गेले, या वेळी पप्पांबरोबर. त्यांनी ओळख करून दिली, ‘‘ही आमची मोठी, पुण्याला असते.’’ मी विचारलं, फोटो काढू का? दोघं लाजले, एकानं केस सारखे केले, एक चक्क नाही म्हणाला. नाही म्हणजे नाही, त्याला सोडलं. शेवटची सायकल या वेळी पूर्ण घेतली आणि तिच्या चाकात हवा मारणारे पप्पाही. वाकलेली पाठ, पंपावरचे दोन हात, मनगटावर ठिणग्यांनी पडलेले बारीक पांढरे ठिपके. चेहरा दिसतच नाही. पण तो फोटो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

कॉम्पिटिशनला मी तोच पाठवला. व्हाउचर कासच्या पठाराला गेलं, फुलं होतीच तशी! पण तीस तारखेला पप्पांनी त्या फोटोच्या आठ प्रिंट मागवल्या. ‘‘तुमचा चेहरा नाही त्यात,’’ मी म्हटलं. ते म्हणाले, ‘‘माझा कशाला पाहिजे? सायकल त्याची आहे, त्याला दाखवायचाय.’’

तर मंडळी, या वीकेंडला हे ट्राय करा:

* घरापासून कंपनीपर्यंतचा, नाहीतर बसस्टॉपपर्यंतचा एकच रस्ता निवडा. तीन दिवस, तीच वेळ.
* आधी लेन्स रुमालानं पुसा. हसू नका, निम्मे फोटो तिथंच सुधारतात.
* कॅमेऱ्यातली ग्रिड ऑन करा आणि फ्रेमचे चारही कोपरे तपासा. सिलिंडर तिथंच लपलेला असतो!
* उभं राहून एक, बसून एक, मागून एक.
* माणसाचा फोटो विचारून काढा, काढला की त्याला दाखवा आणि पाठवा.
* शेवटी घरातल्या मोठ्या माणसाला फोटो द्या आणि विचारा, यात काय दिसतंय? आपल्याला न दिसलेलं तेच सांगतात.

आणि हो, घरात कुणी या वर्षी रिटायर होणार असेल, तर वीकेंडची वाट बघू नका. उद्याच लवकर उठा. भेटूच पुढच्या आठवड्यात!