हें दुखणें कोणास होतें?

एखाद्या रोगाचें नांव निघालें कीं, "तो कोणास होतो?" असा प्रश्न आपण प्रथम विचारतों. या प्रश्नामागें जिज्ञासेपेक्षां "आपल्या घरीं तर येणार नाहीं ना?" ही भीतीच बहुधा अधिक असते. मस्तिष्कावरणदाहासंबंधानें हा प्रश्न नीट विचारून पाहूं.

मेंदू व मज्जारज्जू यांभोंवतींच्या आवरणांस सूज येणें म्हणजे हा रोग. २०१९ सालीं जगांत सुमारें २५ लक्ष लोकांस तो झाला व २,३६,००० दगावले, असा अंदाज आहे. दगावलेल्यांत जवळजवळ निम्मीं पांच वर्षांच्या आंतील बालकें होतीं. बालकांखालोखाल, दाटीनें राहणाऱ्या तरुणांसही त्याचें भय असतें. वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. रोगाचे जंतु पुष्कळ निरोगी माणसांच्या घशांतही असतात. तेव्हां रोग्यास किंवा त्याच्या वस्तीस नांवें ठेवणें हें अज्ञानाचें लक्षण होय.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकेच्या पट्ट्यांत, कोरड्या ऋतूंत धुळीचे वारे सुटले कीं, या रोगाची साथ येई. १९९६-९७ च्या साथींत अडीच लक्षांवर लोक आजारी पडले व सुमारें २५,००० मेले. हे लोक गरीब होते. त्यांच्यासाठीं महाग लस कोण करणार? अखेर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें 'अ' वर्गाच्या जंतूविरुद्ध मुद्दाम त्या पट्ट्यासाठीं लस तयार केली व एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहूनही कमी ठेविली. डिसेंबर २०१० मध्यें बुर्किना फासो देशांत ती सार्वत्रिक टोचण्यास आरंभ झाला. २०१७ नंतर त्या पट्ट्यांत 'अ' वर्गाचा एकही रोगी निश्चित झालेला नाहीं. इतर वर्गांचे जंतु मात्र अद्याप आहेत, म्हणून त्याच संस्थेची पांच वर्गांविरुद्धची नवी लस २०२४ सालीं नायजेरियांत देऊं लागले.

यावरून माझें मत असें कीं, रोग कोणास होतो हें केवळ दैवावर नसून, आपण कोणाची काळजी वाहतों यावरही अवलंबून असतें.

पालकांस विनंति एवढीच: मुलांच्या लशींची नोंद आजच पाहावी. ताप, असह्य डोकेंदुखी, वांती, मान आंखडणें वा गुंगी दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां तत्काळ इस्पितळ गांठावें. तान्ह्या मुलाची मान आंखडतेच असें नाहीं. तें दूध टाकतें, किरकिरतें किंवा सुस्त पडतें. अशा वेळीं सकाळची वाट पाहणें महागांत पडतें.