मुद्दलात जमा

भाताची रोपे टाकून झाली आहेत, आवणीसाठी मजुरांची तजवीज व्हावयाची आहे आणि खतांच्या दुकानांपुढे गर्दी वाढू लागली आहे, अशा दिवसांत घोटीच्या बाजारपेठेत जो घटकाभर उभा राहील, त्याला इगतपुरी तालुक्याच्या अर्थव्यवहाराचे मर्म कोणत्याही सरकारी अहवालावाचून उमगेल. खर्च होतो तो जून-जुलैत, आणि भात गिरणीवर जाऊन रोकड हाती येते ती दिवाळीच्या आगेमागे. या मधल्या महिन्यांत घर चालवावयाचे, मुलांच्या वह्या घ्यावयाच्या, आजारपण निभवावयाचे, म्हणजे सोसायटी, पतसंस्था, बचत गट, सूक्ष्मवित्त कंपनी किंवा सावकार यांपैकी कोणाचा तरी उंबरा चढणे ओघानेच आले. अशा गावात सुट्ट्या पैशांतून कर्ज फेडण्याची युक्ती कोणी सांगू लागला, तर तिची पारख आस्थेने केली पाहिजे; कारण महिनाअखेर ज्याच्या हाती सुट्टे पैसेच काय ते उरतात, त्याच्यासाठी ती सांगितली जात असते.

युक्ती अशी की, मोबाईलवरून त्रेचाळीस रुपये दिले तर ॲप ती रक्कम पन्नास धरते आणि वरचे सात रुपये आपोआप बाजूला काढते. बँक ऑफ अमेरिकेने 2005 साली याच तत्त्वावर बचतीची योजना काढली, आणि पुढे त्या देशात ही मोड थेट कर्जखात्यात भरणारी ‘कॉइन्स’सारखी ॲपेही निघाली. आपल्याकडे 2016 नंतर यूपीआयचा प्रसार झाला, 2021 साली निघालेल्या ‘जार’सारख्या ॲपांनी ही कल्पना हातोहाती नेली, परंतु येथे ती मोड कर्जात न जाता डिजिटल सोन्यात जाते, आणि माझा पहिला आक्षेप तेथेच आहे. सोने घेताना 3 टक्के जीएसटी लागतो, खरेदी-विक्रीच्या भावांत अंतर असते, आणि असे डिजिटल सोने आपल्या नियमनाच्या कक्षेत येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये दिलेला आहे. सोन्याचा भाव चढेल अथवा उतरेल. पण ज्या माणसाने शेकडा दोन दरमहा व्याजाने पैसे उचलले आहेत, त्याच्या डोक्यावरचे व्याज चढल्याखेरीज राहत नाही. अशा माणसाने एका हाताने गुंजभर सोने साठवावे आणि दुसऱ्या हाताने व्याज भरावे, हा व्यवहार त्याच्या हिताचा नव्हे.

दुसरी अडचण बाजाराच्या रीतीतली आहे. येथे मेथीची जुडी, मिरचीचा वाटा, चहाचा पेला, सारेच दहा-वीसच्या हिशेबात विकले जाते. मग वरची मोड निघावी कोठून? शिवाय ती निघते खरेदीच्या संख्येप्रमाणे, म्हणजे तंगीच्या महिन्यात ज्या गृहिणीने खर्च आवरला, तिची परतफेडही त्याच महिन्यात आवरली जाते.

या दोन्ही दोषांतून मुक्त असलेली पद्धत आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने 1928 साली पिग्मी ठेव सुरू केली, तेव्हा ठेवीदाराच्या दारी जाऊन रोजचे दोन आणे गोळा केले जात; तीच रीत पुढे महाराष्ट्रातील पतसंस्थांनी आपलीशी केली. रोज ठरलेल्या सुमाराला पिग्मी एजंट टपरीपाशी येतो, वीस-पन्नासची नोट घेतो, हातातल्या लहानशा यंत्रातून पावती काढून देतो, आणि ती पावती गल्ल्याच्या तळाशी जाते. अनेक दुकानदार आपल्या कर्जाचा हप्ता याच पिग्मीतून भागवितात. मात्र येथेही एक मेख आहे, आणि ती फार थोड्यांच्या ध्यानी येते: रोजची रक्कम आधी ठेवखात्यात बसते, तीवर अल्प व्याज मिळते, आणि महिनाअखेरीस ती कर्जखात्यात वळते, तोवर मुद्दल आहे तेवढेच राहते आणि त्यावरचे व्याज चालू असते. त्या पावतीवरची शाईही काही महिन्यांत उडून जाते.

थोड्या पैशांनी काय होते, हे आकड्यांनीच पाहावे. 40,000 रुपयांचे कर्ज, दरसाल 24 टक्के व्याज आणि 24 महिन्यांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे 2,115 रुपयांचा बसतो आणि एकूण व्याज पावणेअकरा हजारांच्या घरात जाते. हप्त्याच्या जोडीला रोजचे दहा, म्हणजे महिन्याचे 300 रुपये मुद्दलात भरले, तर एकविसाव्या महिन्यात कर्ज निल होते आणि सुमारे सतराशे रुपयांचे व्याज वाचते. ही रक्कम डोळे दिपविणारी नाही, परंतु जेथे आवणीची मजुरी रोजंदारीने मोजली जाते, तेथे ती क्षुल्लकही नाही. अट एवढीच की ते 300 रुपये मुद्दलात जमा व्हावेत. पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून ते नुसते पडून राहिले, तर ही किफायत पदरी पडत नाही.

ऋणकोने दिलेला पैसा कोठे जमा झाला, हा प्रश्न या भूमीत नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल करून कर्जरोखे जाळले, आणि त्या उठावानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, तसेच कुळाला लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा देण्याची जबाबदारी सावकारावर टाकली. धान्याच्या रूपाने, फुटकळ नाण्यांच्या रूपाने कुळाने केलेली फेड खतावणीत उतरलीच नाही, तर ती व्यर्थ जाते, हे त्या कायद्याने ओळखले होते. मोबाईलच्या पडद्यावर रोज वाढणारा आकडा पाहून आज जो संतुष्ट होतो, त्याला मी हेच विचारीन की, तुझ्या कर्जाच्या बाकीचा आकडा आज किती उतरला, हे तुला कोणी दाखविले काय?

आता विचारावयाचे कोठे, तेही सांगतो. सूक्ष्मवित्त कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा दंडक आहे. तेव्हा हप्ता घ्यायला येणाऱ्या माणसाला वरची रक्कम मुद्दलात घेण्यास सांगावे आणि नवा उतारा मागावा. पतसंस्थेच्या सभासदाने वार्षिक सभेत हात वर करून, पिग्मीची रक्कम त्याच दिवशी कर्जखात्यात वळवावी, अशी सूचना मांडावी. सभासद हा संस्थेचा मालक आहे, याचक नव्हे. पीककर्जाचा प्रकार मात्र निराळा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याज पडत नाही. म्हणून तेथे घाईने मोड भरण्यात लाभ नाही, मुदत चुकू न देण्यात आहे. ज्याच्यावर दोन्ही प्रकारची कर्जे असतील, त्याने रोजचे दहा रुपये आधी गटाच्या वा कंपनीच्या कर्जाकडे लावावेत, आणि सोसायटीच्या पीककर्जाच्या मुदतीसाठी भाताच्या पट्टीतून रक्कम वेगळी काढून ठेवावी, ती दिवाळीच्या खरेदीला बाहेर पडण्यापूर्वी.