हात जपायला हवा

रायपूरच्या गुढियारीत गल्लीतला खेळ रंगला, की एखादा पोरगा असा निघतोच, ज्याच्या चेंडूपुढे बाकीचे मागे सरकतात. असाच हात २००८ साली अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी भारतात शोधला. उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंह व दिनेश पटेल निवडले गेले. दोघांनी तोवर बेसबॉल हातातही धरला नव्हता! पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना घेतले. १९९३ पासून दर मोसमात हा संघ जिंकण्यापेक्षा हरतच जास्त होता. नव्या पोरांना घडवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. दिनेश २०१० मध्ये सुटला. रिंकू टिकला, पण पुढे दुखापतींनी त्याला काही मोसम बाहेर बसवले. (मग तो कुस्तीकडे वळला, ते निराळे.)

थकल्यावरही फेकत राहिले की खांदा-कोपर कुरकुरू लागतात. म्हणून अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू देत नाहीत. ६६ किंवा अधिक टाकले, तर चार दिवस सक्तीची विश्रांती. गल्लीत मोजतो कोण? ज्याची बॅट तो फलंदाज, आणि ज्याचा वेग तो अंधार पडेपर्यंत गोलंदाज! कोपर दुखतो असे पोराने सांगितले, तर आईने तेल चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला धाडू नये. आधी चेंडू बंद. दुखणे राहिलेच, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.