आवळणे आणि जुळवणे

मोपाच्या सड्यावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवाशांची ये-जा सुरू झाली. सड्याखालच्या आमच्या मळ्यात मात्र सरद भाताची चिखलणी अजूनही वडिलांनी १९८२ साली बेळगावहून जुना म्हणून आणलेला ट्रॅक्टरच करतो. मद्रासेत १९६० साली आणि मुंबईत १९६३ साली ट्रॅक्टरचे कारखाने उभे राहिले, त्या पहिल्या पिढीच्या घडणीचे हे यंत्र. इंजिन अजून ठणठणीत आहे. परंतु स्टिअरिंग इतके सैल झाले होते की, चक्र चार बोटे फिरवावे तेव्हा कोठे पुढची चाके हलू लागत.

पेरणी तोंडावर आलेली. मी घाईने मेस्त्रीला म्हटले, ‘पेटीवरचा स्क्रू आवळा, म्हणजे भागेल.’ त्याने मान हलवली, पण माझ्या शब्दाखातर आवळून दिला. दुसऱ्याच दिवशी पुतण्या मळ्याकडे उतरणाऱ्या वळणावर होता. वळण संपले, तरी चक्र सरळ होईना. पुढचे चाक बांधाला अडले म्हणून निभावले. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक मेस्त्रीची नव्हती, माझी होती.

मग त्याने मला पेटीचे अंतरंग समजावले. चक्राच्या दांड्याच्या तळाशी मळसूत्री खाच असते. तिच्यावर नट बसतो आणि दोहोंच्या मध्ये पोलादी गोळ्यांची माळ फिरत राहते. चक्र फिरले की नट वरखाली सरकतो, त्याच्या दातांत गुंतलेला आडवा दांडा वळतो आणि त्या दांड्याचा बाहेरचा हात चाकांना ओढतो किंवा ढकलतो. आता ट्रॅक्टरचे आयुष्य बहुतेक सरळ तासांत जाते. साहजिकच दाते मध्यभागी झिजतात आणि कडांना जवळजवळ कोरे राहतात. मधली ढिलाई जाईल इतका स्क्रू आवळला, की पूर्ण वळणावर हे न झिजलेले दाते एकमेकांत रुततात आणि चक्र जखडते.

या वेळी आम्ही काम रीतीने केले. प्रथम दोष खरोखर पेटीतच आहे ना, हे पाहिले. एकाने चक्र थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने खालच्या हातावर, सांध्यांवर व किंगपिनवर नजर ठेवावी. पुष्कळदा ढिलाई तेथेच सापडते. हात काढण्यापूर्वी तो व दांडा या दोहोंवर खुणेची रेघ ओढली. हातोडा वापरला नाही, पुलर लावला. कारण घावाने गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. पेटीतून तेलाऐवजी काळे, घट्ट ग्रीस निघाले. तेल गळते म्हणून कोणे काळी आम्हीच ते भरले होते! ग्रीस एकदा बाजूला सरले की परत वाहून येत नाही. फिरणारा भाग त्यात स्वतःपुरती पोकळी करून कोरडाच घासत राहतो. शिवाय चिखलणीचे पाणी जुन्या सीलमधून आत शिरलेले होते.

नट, मळसूत्र व गोळ्या असा सर्व संच नवा घातला. जुन्यांत चार नव्या गोळ्या मिसळून चालत नाही, कारण भार मोठ्या गोळ्यांवरच पडतो. आडव्या दांड्याचे दातेही खाल्लेले होते, म्हणून तोही बदलला. त्याचे बुश लंबगोल झाले होते. नवे बसवून दांड्याच्या मापाने रीमरने साफ केले. शिम घालीत व काढीत मळसूत्राची उभी हालचाल घालवली. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चक्राचे फेरे मोजले, निम्म्यावर मध्य धरला आणि केवळ त्या जागी स्क्रू हलकेच जुळवला. शेवटी नवे सील बसवून, ग्रीस नव्हे, गिअरचे नव्वद नंबरी तेल भरले.

या कामात चार दिवस गेले. शाळेतही एखादे मूल ढिले पडलेले दिसले की, आम्ही मास्तर आधी आवळावयास धावतो; झीज कोठे झाली आहे, हे उघडून पाहावयाचे राहून जाते. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ही गोष्ट मला एका मेस्त्रीने शिकवावी, यात मला कमीपणा वाटत नाही.

पाचव्या दिवशी वडिलांना हात देऊन ट्रॅक्टरवर बसविले. ऐंशी ओलांडलेल्या त्या हातांनी चक्र अलगद डावीकडे नेले, उजवीकडे नेले आणि मध्यावर आणून सोडले. मग माझ्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, ‘आता आयकता.’

दुसऱ्या दिवशी पुतण्या त्याच वळणाने मळ्यात उतरला. मी मात्र बांधावर उभा होतो.